दहा अंशांची खूण

आइसलँडचे आठ दिवस एका ओळीत आटपते: धबधबे पाहिले, वाफाळणारी जमीन पाहिली, एका रात्री आकाशात हिरवे पट्टे दिसले आणि वाऱ्याने जीव नकोसा केला. लिहायला बसलेय ती तिथल्या थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानाच्या गाडीतळावरच्या दहा मिनिटांसाठी.

फेब्रुवारीचा शेवट, बाहेर उणे सहा अंश. मी आणि माझा मामेभाऊ सिल्फ्राच्या, म्हणजे जमिनीतल्या पाण्याने भरलेल्या भेगेत डाइव्ह करायला आलो होतो. दादा गेली नऊ वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे, तिथल्या तळ्यांत तो हिवाळ्यातही उतरतो. मी शिकले तारकर्लीला, पुढे अंदमान. सिल्फ्रात ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या सूटचा अनुभव असल्याशिवाय डाइव्ह करू देत नाहीत, म्हणून तो कोर्स आदल्या ऑगस्टमध्ये दादाकडे जाऊन केला. तेव्हा पाणी सतरा अंश होतं आणि माझा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडात देणारं यंत्र, उत्तम चालला. इथेच माझी समजूत चुकली.

हा रेग्युलेटर मी पगारातून पैसे बाजूला टाकून मुंबईत घेतला होता. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, जगात कुठेही चालतो." मी विश्वास ठेवला. आइसलँडला तो हातातल्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून नेला.

गाइडने गाडीच्या मागच्या दारात तो हातात घेतला, त्याची फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, उलटी केली आणि अंगठ्याने पुसली. धातूवर बारीक अक्षरात ईएन २५० कोरलं होतं आणि त्याच्या शेजारी '> १०°'. तेवढ्यावर त्याने नख ठेवलं. मग तो रेग्युलेटर पुन्हा स्वेटरमध्ये नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा आज गाडीतच राहील.

"अगं, फोनवर सांगितलं होतं ना, मागे काय कोरलंय ते वाच म्हणून?" दादा म्हणाला.

"वाचलं रे दादा. ईएन अडीचशे एवढंच वाचलं."

मला रडू आलं. गाइडचा राग नव्हता, त्याने मला वाचवलंच. राग त्या 'कुठेही चालतो'चा होता. ईएन २५० हे युरोपचं मानक आहे. त्यात दहा अंशांखालचं पाणी म्हणजे थंड पाणी. त्यासाठीची चाचणी चार अंशांच्या पाण्यात होते आणि जे रेग्युलेटर थंड पाण्यासाठी नसतात, त्यांच्यावर ही खूण असते. सिल्फ्राचं पाणी बारा महिने दोन ते चार अंश. म्हणजे चाचणीत पास झालेला रेग्युलेटरसुद्धा इथे जपूनच वापरायचा.

मला वाटायचं, पाणी गार म्हणून रेग्युलेटर गोठतो. पण खरा गारठा आतून येतो. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर होतं. सिलिंडरमधली दोनशे बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम दहा बारच्या आसपास येते आणि फुगताना शून्याच्या खूप खाली जाते. एरवी भोवतालचं पाणी त्या धातूला ऊब देत राहतं. तीन अंशांच्या पाण्याकडे द्यायला ऊबच नसते. माझ्या रेग्युलेटरचा पिस्टन उघडा, पाणी थेट स्प्रिंगपर्यंत जातं. तिथे बर्फ धरला की झडप उघडीच राहते. हवा बंद होत नाही, उलट धो धो वाहत सुटते आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. गोडं पाणी शून्यालाच गोठतं, म्हणून तळ्यात हा धोका खाऱ्या समुद्रापेक्षा जास्त, असं दादाचं म्हणणं.

मला तिथे मिळालेल्या रेग्युलेटरमध्ये पिस्टनऐवजी डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा होता आणि स्प्रिंगची खोली पूर्ण बंद, पाण्याचा थेंब आत जात नाही. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, धातूची, म्हणजे श्वासाची ऊब झडपेपर्यंत पोचते. सिलिंडरला दोन तोंडं आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज, एक बिघडली तर तिचा कॉक बंद करून दुसरीवर जायचं. मी कधी घेतलाच तर असाच घेईन, आणि ऑक्टोपस, म्हणजे जादाची सेकंड स्टेज, तीही थंड पाण्याचीच. तारकर्लीला मात्र माझा जुनाच बरा: साधा, हलका, सर्व्हिसिंगला स्वस्त.

पण चांगला रेग्युलेटरही चुकीच्या हातात गोठतो, हे लोखंडी जिन्यावर दिसलं. आमच्या पुढच्या गटातल्या एकाने सवयीने पर्जचं, म्हणजे सेकंड स्टेजमधून हवा सोडायचं बटण दाबून पाहिलं. फस्सकन आवाज झाला आणि थांबेचना. गाइडने धावत जाऊन कॉक फिरवला. मी वाकून पाहिलं तर फर्स्ट स्टेजवर पांढरं दव धरलं होतं, फ्रीजरच्या कप्प्यात असतं तसं. तो भाग पाण्यात बुडवून ते बर्फ वितळायची वाट बघत उभे राहिले. दोनतीन अंशांचं पाणी, आणि त्या धातूला तेच कोमट!

आम्हाला पुन्हा बजावलं गेलं: डोकं पाण्याखाली जाईपर्यंत रेग्युलेटरमधून श्वास नाही, कारण उच्छ्वासाची ओल उणे सहाच्या हवेत आतच गोठते. बटणाला हात नाही. सूटमध्ये हवा भरायची ती थोडी थोडी, आणि त्याच वेळी श्वास ओढायचा नाही.

पहिला मिनिटभर कपाळ ठणकलं, ओठ आपले वाटेनात. मग खाली पाहिलं. लांगयोकुल हिमनदीचं पाणी कित्येक दशकं लाव्हाच्या दगडातून झिरपत इथे येतं. शंभर मीटरपलीकडचा खडक मला कडांसकट दिसत होता. दादा खाली निळ्यात तरंगत होता आणि त्याची सावली तळावरच्या दगडांवर पडली होती. मी आत घेतलेला प्रत्येक श्वास ऐकत होते, एखाद्या लहान मुलाच्या छातीला कान लावावा तसा.

शेवटच्या उथळ डोहात वर आलो. गाइड म्हणाला, आता तोंडातून काढलात तर परत घालू नका. मी काढला. हातमोज्यांची ओंजळ केली आणि जिच्यात पाऊण तास पोहत होते त्या भेगेचंच पाणी प्यायले. दात कळवळले. दादाने विचारलं, "कसं लागतंय?" ओठ हलत नव्हते, म्हणून मी पुन्हा ओंजळ भरली.