एडिंबराच्या किल्ल्यासमोरचा हत्ती

एडिंबरा पायीच पाहावे आणि तेही कोणी जाणते सोबत घेऊन, असे तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाचीने आम्ही मुंबईहून निघण्यापूर्वीच बजावले होते. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका सकाळी, अंगावर जेमतेम जाणवेल अशा भुरभुर पावसात, सेंट जाइल्स चर्चपाशी आम्ही पंधरा-वीस जण जमलो. या सहलीचे तिकीट नव्हते. फेरी संपल्यावर ज्याने त्याने आपल्या मर्जीने पैसे द्यायचे होते. आमची गाईड इतिहासाची पदवी घेतलेली एक तरुणी होती आणि तिने सुरुवात चर्चशेजारच्या फरसबंदीत दगडांनी रेखाटलेल्या एका हृदयापासून केली. १८१७ साली पाडलेल्या जुन्या तुरुंगाची ही जागा असून स्थानिक लोक तिच्यावर आवर्जून थुंकतात. ‘येथे थुंकू नये’ या पाट्या वाचत लहानाचा मोठा झालेल्या मला ही प्रथा पाहून क्षणभर काय बोलावे ते सुचले नाही.

किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्याला रॉयल माइल म्हणतात. त्याचा उतार भूगर्भाने ठरवला आहे. किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा होय. पश्चिमेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांना हा कठीण कातळ झिजवता आला नाही आणि त्याच्या आडोशाला मऊ खडकाची एक लांब शेपटी शिल्लक राहिली. जुने शहर त्या शेपटीवर वसले. आपल्या दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या खडकापुढे तो अगदीच तरुण म्हणायचा.

शेपटी अरुंद, भोवती तटबंदी, त्यामुळे घरे वाढली ती उंचीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ‘क्लोज’ नावाचे बोळ उतरतात. त्यांतल्या काहींतून समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. वरच्या मजल्यांवरून सांडपाणी खाली ओतण्यापूर्वी ‘गार्डी लू’ अशी आरोळी देत असत, हे सांगताना गाईडने आम्हा सर्वांना वर बघायला लावले आणि आम्ही निमूटपणे पाहिलेही. पुढे १७६७ च्या सुमारास जेम्स क्रेगने आखलेल्या आराखड्यानुसार दरीपलीकडे सरळ, रुंद रस्त्यांचे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा ऐपत असलेली कुटुंबे तिकडे गेली आणि हे बोळ गरिबांच्या वाट्याला आले.

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते साउथ ब्रिजने. १७८८ साली खुल्या झालेल्या या पुलावरून आपण चालतो, तेव्हा दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने आपण पुलावर आहोत याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या १९ कमानींपैकी आज एकच उघड दिसते. बाकीच्या इमारतींच्या पोटात गडप झाल्या आहेत. कमानींखालच्या तळघरांत आधी कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी बस्तान मांडले, पण दगडांतून पाणी झिरपत राहिल्याने ते निघून गेले आणि ज्यांना कुठेच थारा नव्हता अशी माणसे तिथे राहू लागली. रात्री याच तळघरांतल्या एका भुतांच्या सहलीला आम्ही वेगळे तिकीट काढून गेलो. अंधारातून कोणीतरी अंगावर ओरडले, बायका-मुले किंचाळली, पण त्या ओल्या खोल्यांत संसार करणाऱ्यांबद्दल अवाक्षरही निघाले नाही. ते पैसे वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडाली. लीथ बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून काल्टन टेकडीवरील स्मारकावर एक मोठा गोळा खाली सोडत असत. धुक्यात तो दिसेना, म्हणून १८६१ पासून तोफेची जोड देण्यात आली. रविवार वगळता जवळजवळ रोज ती उडते. आम्ही तेव्हा किल्ल्यासमोरच्या पटांगणात होतो. तिथे १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मरण पावलेल्या ७८व्या हायलँडर्स पलटणीच्या सैनिकांचा दगडी क्रूस आहे आणि त्यावर हत्ती कोरलेला आहे. बहुतेकांनी त्याचे छायाचित्र घेतले, परंतु स्कॉटिश पलटणीला हत्ती कशासाठी, हे कोणी विचारले नाही.

माझे आजोळ जालन्याचे, त्यामुळे मला राहवले नाही. हा हत्ती जालना जिल्ह्यातल्या असईचा आहे, असे मी गाईडला सांगितले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. पण मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजी फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी केले. त्यात ७४वी हायलँडर्स पलटण तर जवळजवळ कापली गेली. या लढाईबद्दल ७४ आणि ७८ या दोन्ही पलटणींना हत्तीचे मानचिन्ह मिळाले. गाईडने वही काढून ‘असई’ची अक्षरे माझ्याकडून लिहून घेतली आणि म्हणाली, “मग तुम्हाला तो वेलस्ली प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला भेटेल.”

रजिस्टर हाउससमोर, १८५२ सालापासून, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला तोच वेलस्ली मागच्या पायांवर उभ्या ठाकलेल्या काशाच्या घोड्यावर बसलेला आहे. संध्याकाळी आम्ही तिथे गेलो, तेव्हा पाऊस वाढला होता आणि बसची वाट पाहणारी माणसे छत्र्या उघडत होती. असईच्या लढाईत त्याच्या मांडीखालचे दोन घोडे निकामी झाले होते, हे मी भाचीला सांगितले. ती पुतळ्यावरून रोज जाते, पण तिला हे ठाऊक नव्हते.