इंडी ५००: दोन रविवार, एक पाऊस आणि मार्कस एरिक्सन

इंडी ५००ला, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या मोटारशर्यतीला, चांगली जागा मिळवायची म्हणजे कुणाच्या तरी आजोबांशी स्पर्धा करायची. शर्यत संपली की पुढच्या वर्षासाठी पहिला हक्क जुन्या तिकीटधारकांचा, आणि मंडळी आपली जागा काही सोडत नाहीत. घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रांगेत बसतात. उरलेलं आपल्या वाट्याला. माझा मित्र इंडियानातच राहतो. त्याने २०२४च्या शर्यतीसाठी पहिल्या वळणापाशी, बऱ्यापैकी उंचावरच्या दोन जागा पटकावल्या आणि फोनवर अट घातली: "आदल्या रविवारी क्वालिफायिंगलाही यायचं. नाहीतर नुसती शर्यत बघून तुला अर्धंच कळेल."

मी फॉर्म्युला वनवर वाढलेला प्रेक्षक. ओव्हलवर, म्हणजे असल्या लांबट गोल ट्रॅकवर, 'नुसतं डावीकडे वळायचं' असतं असं म्हणणारा. तिथे शनिवारी तासाभरात ग्रिड, म्हणजे कोण कुठून सुटणार तो क्रम, लागतं आणि सगळ्यात हळू गाडीही रविवारी धावताना दिसते. इंडियानापोलिसला जागा ३३च. तीन-तीन गाड्यांच्या अकरा रांगा. २०२४ला गाड्या आल्या होत्या ३४. म्हणजे सगळा खर्च करून, कित्येक दिवस सराव करून एकजण परत जाणार हे नक्की. इथे नाव कितीही मोठं असलं तरी सवलत नाही. फॉर्म्युला वनचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो २०१९मध्ये असाच बाहेर राहिला. १९९४ची शर्यत जिंकणाऱ्या पेन्स्के टीमची पुढच्याच वर्षी एकही गाडी पात्र ठरली नव्हती.

क्वालिफायिंगची पद्धत कागदावर सोपी आहे. ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी. अडीच मैलांच्या चार फेऱ्या, म्हणजे दहा मैल, आणि त्यांचा सरासरी वेग. शनिवारी पहिल्या तीस जागांचा निकाल लागतो, त्यातले पहिले बारा रविवारी पोलसाठी, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेसाठी, पुन्हा धावतात. पण शनिवारची खरी गंमत पिटमधल्या दोन रांगांमध्ये असते. एका रांगेत उभं राहिलात तर आधीचा वेग हातात ठेवून पुन्हा प्रयत्न करता येतो, पण नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक. दुसऱ्या रांगेला प्राधान्य असतं, मात्र तिथे शिरताना आधीचा वेग रद्द करावा लागतो. दुपारी ट्रॅक तापतो, टायरची पकड कमी होते, मग जो तो संध्याकाळच्या सावलीची वाट बघतो. मी हे सगळं मोबाइलवर बघत होतो. गाडी हललेलीसुद्धा नाही आणि तरी माणसं घामाघूम, असलं नाट्य मी दुसऱ्या कुठल्या रेसिंगमध्ये पाहिलेलं नाही.

रविवारी शेवटच्या रांगेसाठी चौघं उरले होते: ग्रॅहम रेहाल, कॅथरीन लेग, एकोणीस वर्षांचा नोलन सीगल आणि मार्कस एरिक्सन. एरिक्सन २०२२चा विजेता. २०२३ला दुसरा. सरावात त्याची गाडी भिंतीवर आदळली होती, म्हणून राखीव गाडी घेऊन तो या रांगेत येऊन पडला होता. तो निघाला, तीन फेऱ्या व्यवस्थित झाल्या आणि पुढे गाडी एकदम मंदावली. आम्हाला वाटलं, इंजिन गेलं. तसं काही नव्हतं. आपल्या चार फेऱ्या झाल्या असं समजून त्याने पाय काढला होता. जो माणूस ही शर्यत जिंकलाय, त्याला फेऱ्या मोजता आल्या नाहीत! स्टँडमध्ये आधी हशा पिकला, मग शांतता, कारण आता गाडी थंड करून सगळं पुन्हा करायचं होतं. दुसऱ्या प्रयत्नात तो आत आला. शेवटी सीगल बाहेर राहिला होता आणि त्याला रेहालचा वेग गाठायचा होता. हातात मिनिटं उरलेली असताना तो निघाला आणि गाडी सुटून भिंतीवर गेली. पोरगा धडधाकट बाहेर आला. त्याने वेग कमी करून सुखरूप परत यायला हवं होतं असं आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. मला नाही पटलं. बाहेर राहायचंच आहे तर पाय दाबून राहावं.

नंतर स्कॉट मॅकलॉफलिनने पिवळ्याधमक गाडीतून ताशी २३४.२२० मैल, म्हणजे जवळपास ३७७ किलोमीटर, सरासरीने पोल घेतली. पहिली रांग पूर्ण पेन्स्केची. आकडा जबरदस्तच, पण माझं मन शेवटच्या रांगेत अडकलं होतं.

शर्यतीच्या दिवसाची तयारी मित्राने शिकवली तशी केली. अंधारात निघायचं, कारण दारं सकाळी लवकर उघडतात आणि पार्किंगच्या रांगा त्याही आधी लागतात. कूलर नेता येतो, स्वतःचं खाणं-पिणंही, फक्त काचेची बाटली नको. कानात बोळे हवेतच. टीमचा रेडिओ ऐकायला स्कॅनर मिळतो, तो आम्ही भाड्याने घेतला, आणि पैसे वसूल झाले. ओव्हलवर ड्रायव्हरला शेजारची गाडी दिसत नाही. उंचावर उभा राहिलेला स्पॉटर त्याला सांगत असतो: "इनसाइड, इनसाइड, स्टिल देअर, क्लिअर." या रेसट्रॅकवर प्रत्येक गाडीला दोन स्पॉटर लागतात, कारण एका माणसाला सगळा ट्रॅक दिसतच नाही. ताशी साडेतीनशे किलोमीटरने जाताना दुसऱ्याच्या डोळ्यांवर एवढा विश्वास टाकायचा! ते ऐकल्यावर 'नुसतं डावीकडे वळायचं' हे वाक्य पुन्हा कुणापुढे काढायची माझी हिंमत नाही.

शर्यत पावणेएकला सुरू व्हायची होती. त्याआधीच आभाळ भरून आलं, विजा चमकू लागल्या आणि स्टँड रिकामे करायच्या सूचना आल्या. फॉर्म्युला वनमध्ये पावसाचे टायर लावून धावतात. ओव्हलवर ते शक्य नाही, ट्रॅक कोरडाच हवा. आणि अडीच मैलांचा डांबरी रस्ता वाळवायचा म्हणजे पाऊस थांबल्यावरही दोनेक तास जातात. लाखो माणसं स्टँडखालच्या काँक्रीटच्या बोळांत उभी. वैताग येईल असं वाटलं होतं, पण दिवसातला निम्मा आनंद मला तिथे मिळाला.

आमच्या शेजारच्या खुर्च्यांवरच्या एक आजी लहानपणी वडिलांबरोबर यायला लागल्या त्या अजून येतात. कानात रेडिओ, मांडीवर गाड्यांचा तक्ता आणि पेन्सिल. इंडियानापोलिस शहरात शर्यत टीव्हीवर सहसा थेट दाखवत नाहीत, लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून. त्यामुळे इथली पिढी रेडिओवर वाढली. पाऊस लांबला तशी त्या दिवशी ती बंदी उठवली, तेव्हा आजी म्हणाल्या, "उठवू देत. मी टीव्हीवर बघणार नाही. त्यांना चारही वळणं एकदम सांगता येत नाहीत."

इथे जिंकणारा दूध पितो, त्याचं मी त्यांनाच विचारलं. १९३६मध्ये लुई मेयर तिसऱ्यांदा जिंकला आणि तहान लागली म्हणून ताक प्यायला. त्याचा फोटो छापून आला, तो दूधवाल्यांच्या डोळ्यांत भरला, झालं. मधे १९४७ ते १९५५ दूध बंदही होतं. आता शर्यतीआधी प्रत्येक ड्रायव्हरला कुठलं दूध हवं ते विचारून ठेवतात: पूर्ण सायीचं, दोन टक्क्यांचं की बिनसायीचं. १९९३ला एमर्सन फिटिपाल्डी आधी संत्र्याचा रस प्यायला, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. "अजून राग आहे?" मी विचारलं. आजींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

विटांचं तर आणखी मजेशीर. १९०९मध्ये सगळा ट्रॅक बत्तीस लाख विटांनी मढवला होता, आता सुरुवातीच्या रेषेपाशी एक यार्डाचा पट्टा उरलाय. जिंकल्यावर त्याचं चुंबन घ्यायची पद्धत मला शंभर वर्षं जुनी वाटत होती. ती सुरू केली डेल जॅरेटने, १९९६मध्ये, आणि तो जिंकला होता नॅस्कारची, म्हणजे छपरवाल्या स्टॉक कारची शर्यत! इंडी ५००चा विजेता म्हणून पहिल्यांदा गुडघे टेकले ते २००३ला जिल द फेरानने. आपल्या फॉर्म्युला वनमध्ये पोडियमवर शॅम्पेन उडवतात तेही १९६७ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत डॅन गर्नीने मनात आलं म्हणून केलं होतं. कोणीतरी सहज काहीतरी करतो, पुढचा त्याचं बघून करतो, आणि तिसरा ते टाळतो तेव्हा लोक हुर्यो उडवतात.

अखेर चार वाजून ४४ मिनिटांनी हिरवा झेंडा पडला. ३३ गाड्या एका झुंडीने आमच्याकडे आल्या तेव्हा आवाजाआधी छातीत हादरा बसला. आणि आमच्या समोर, पहिल्याच वळणात, टॉम ब्लॉमक्विस्टची गाडी फिरली आणि तिने आणखी दोघांना नेलं. त्यातला एक मार्कस एरिक्सन. राखीव गाडी, चुकलेली मोजणी, शेवटची रांग, आणि सगळं मिळून शर्यत एका वळणाची. आजींनी पेन्सिलीने त्याच्या नावावर रेघ मारली.

मधल्या शर्यतीचं फार सांगत नाही. अपघात झाला की गाड्या हळू करायला लावणारे पिवळे झेंडे, इंधनाचे हिशोब, पिटमधली धांदल. इथे धावणाऱ्या काइल लार्सनला त्याच रात्री शार्लटला नॅस्कारची ६०० मैलांची शर्यतही धावायची होती. इथली उशिरा संपवून तो उडत तिकडे पोहोचला, तर तिथेही पाऊस आला आणि त्याला एकही फेरी मिळाली नाही.

शेवटच्या फेरीत पाटो ओवार्डने आमच्या डोळ्यांसमोर जोसेफ न्यूगार्डनला मागे टाकलं. सगळा स्टँड उभा. ओवार्ड २०२२लाही दुसरा आला होता, त्यामुळे बहुतेकांना तोच हवा होता. न्यूगार्डनवर मोसमाच्या सुरुवातीच्या पुश-टू-पास प्रकरणाची, म्हणजे इंजिनाला क्षणभर जादा ताकद देणारं बटण नको तेव्हा वापरल्याची, सावली होती. सेंट पीटर्सबर्गचा विजय त्याच्याकडून काढून घेतला गेला होता. गाड्या पलीकडे गेल्या आणि पुढचं आम्हाला दिसेना. तिसऱ्या वळणाला न्यूगार्डन बाहेरून पुढे गेला, हे आजींना रेडिओवर आधी कळलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, त्यावरून आम्हाला. तो सलग दुसऱ्या वर्षी जिंकला, कुंपणातून थेट लोकांच्यात घुसला, मग दूध, मग विटा.

पार्किंगमधून बाहेर पडायला रात्र झाली. मित्राने गाडी तशीच उभी ठेवून मोबाइलवर पुढच्या वर्षीच्या जागांचं बघायला घेतलं. मी म्हटलं, तिसऱ्या वळणाला मिळतं का बघ. "तिथले लोक सोडतायत होय!" तो म्हणाला, आणि आहेत त्याच दोन जागा कायम ठेवल्या.