पालीला किती मोठं करावं?

आमच्या परळच्या खोलीत ट्यूबलाइटमागे एक पाल राहते. परवा तिने पतंग पकडला, भिंतीवर दोनदा आपटला, गिळला आणि निवांत जिभेने स्वतःचा डोळा पुसला. पापण्या नसतात बिचारीला. बायको म्हणाली, "शी! आधी हाकला तिला." मी वही काढली.

माझा जुना नाद हा: आजचा एखादा प्राणी घ्यायचा आणि लाखो वर्षांनी त्याचं काय होईल ते वहीत रेखाटायचं. माणसं गेली, समुद्र चढला, मुंबईची पुन्हा सात बेटं झाली, तर पन्नास लाख वर्षांनी इथे शिकार कोण करेल? घोरपड घेणं म्हणजे चीटिंग, ती आधीच मोठी. मी पाल घेतली. भाचा म्हणाला, "मामा, बसएवढी कर ना."

इथेच घोडं अडतं. पालीच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात, त्यांच्या जोरावर ती छताला चिकटते. पण लांबी दुप्पट केली की तळव्याचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट. म्हणजे मोठं व्हायचं तर भिंत सोडायची. (आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी पाल जेमतेम दोन फुटांची, तिचा एकुलता एक नमुना मार्सेच्या संग्रहालयात आहे.)

जमिनीवर दुसरी पंचाईत. सरडे, पाली अंग नागमोडी वळवत पळतात. धावताना फुप्फुसं दबतात, दम घेता येत नाही. घोरपड गळ्याच्या भात्याने हवा आत ढकलते आणि वेळ मारून नेते. माझ्या पालीला भाता द्यावा का, यात दोन रविवार गेले. नाही दिला. ती दबा धरेल, तीन उड्या, बस्स. शेपटीसकट तीन फूट, भक्ष्य घुशी.

एक भांडवल मात्र तिच्याकडे आहे: आवाज. बहुतेक सरडे मुके, पाल चुकचुकते. आजी लगेच 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. तर माझ्या परळ बेटावरच्या पाली जोडीने शिकार करतात. एक झुडपात चुकचुकते, घूस उलटी पळते, तिथे दुसरी बसलेली. माझगावची खेकडे फोडते, म्हणून जबडा रुंद. वरळीवाली अजून कच्चीच आहे. चित्रात पाठीमागे गिरणीचं धुराडं काढलं होतं, ते खोडलं. इतक्या वर्षांत वीट कुठली उरायला!

तीन फूट ऐकून भाच्याचा पार हिरमोड झाला. मी टेप जमिनीवर पसरली. "एवढी. अंधारात, कॉटखाली. आणि डोळे मिटतच नाहीत तिचे."

तेवढ्यात ट्यूबलाइटमागे चुकचुक झाली. पोरगं पाय वर घेऊन बसलं.