दारातलं काट्याचं झाड

मराठवाड्यात ज्याच्या अंगणात गुलाब डवरलाय, त्याच्या बोअरला पाणी आहे असं खुशाल समजावं. आणि ज्याच्या दारात नुसती काटेरी, लाल टिकल्यांची झुडपं उभी आहेत, त्याच्याकडे पाण्याचा विषय काढू नये. नर्सरीवाले त्या झुडपाला युफोर्बिया म्हणतात, हौशी माणूस ‘युफोर्बिया मिली’ असं पूर्ण नाव घेतो आणि बाकी सगळ्यांसाठी ते काट्याचं झाड.

आमच्या लातुरात ते तेलाच्या डब्यात असतं, फुटक्या बादलीत असतं, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यातही असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा गल्लीत भांडी धुतलेलं पाणीसुद्धा संडाससाठी राखून ठेवायचे. तुळशीला तांब्याभर मिळायचं, कारण तिथे धर्म आडवा यायचा. मोगरा गेला, जास्वंद गेली. युफोर्बियाने मात्र एकेक करून सगळी पानं टाकली आणि नुसत्या काटक्या होऊन उभा राहिला. पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडून जाणार. खोडात साठवलंय तेवढ्यावर भागवायचं, हा त्याचा साधा हिशेब. पाऊस पडला तशी शेंड्यांना हिरवी पानं फुटली आणि मागोमाग फुलंही आली.

फुलं म्हणतो खरं, पण त्या दोन लाल पाकळ्या पाकळ्या नव्हेतच. ती रंगलेली पानं. खरी फुलं मधल्या पिवळसर वाटीत, इतकी बारीक की वाचायचा चष्मा लावूनच बघावीत. वाटीत मधोमध एक मादी फूल आणि भोवती नर फुलं; नर फूल म्हणजे फक्त एक पुंकेसर, बाकी काही नाही. या घराण्याची तऱ्हाच अशी आहे. पॉइन्सेटियाची लाल पानं, कुंपणाचा शेर, बांधावरचा तीनधारी निवडुंग हे सगळे याचेच भाऊबंद. काडी मोडली की पांढरा चीक येतो, ही घरची खूण. तो चीक डोळ्यात गेला तर मोठी आग होते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत. शेळीसुद्धा या झाडाला तोंड लावत नाही आणि आमच्याकडची शेळी काय सोडते हे वेगळं सांगायला नको. ब्राझीलमध्ये याच चिकाने, अगदी विरळ करून, रोग पसरवणाऱ्या गोगलगायी मारण्याचे प्रयोग झालेत. पण त्या गोड्या पाण्यातल्या. २०२२ साली आमच्या सोयाबीनवर तुटून पडल्या त्या शंखी गोगलगायी जमिनीवरच्या, तेव्हा कुणी लगेच कोयता घेऊन झाडाकडे धावू नये.

झाड मूळचं मादागास्करचं. बूर्बों, म्हणजे आजच्या रियुनियन बेटाचे गव्हर्नर मिलियस यांनी १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेलं आणि १८२६ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल दे मूलँ यांनी त्यांचंच नाव झाडाला दिलं. १८२९ मध्ये लंडनच्या एका वनस्पती नियतकालिकात ‘स्प्लेंडेन्स’ नावाचं झाड छापून आलं. तेही हेच, पुढे ती मिलीचीच एक जात ठरली. आपल्या दारातलं उंच, वेडंवाकडं, लाल फुलांचं झुडूप बहुतेक वेळा याच जातीचं असतं.

आणि खरी गंमत या जातींतच आहे. मादागास्करच्या खडकांवर, टेकड्यांवर जिथे तिथे हे झाड निराळं झालंय. ‘हिस्लोपी’ जाड खोडाची, ठसठशीत फुलांची. ‘इम्पेराटी’ ठेंगणी, बारीक पानांची, बारीक फुलांची. ‘लाँगिफोलिया’ लांब अरुंद पानांची. जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ जसं गावाच्या नावावर चालतं, तशी ‘तुलेआरेन्सिस’ तुलेआर गावाची आणि ‘तानानारिव्ही’ राजधानी अंतानानारिव्होची. या शेवटच्या जातीची फुलं फिकट पिवळी, कडेला लाली. फोटोत पाहिल्यापासून माझं मन तिच्यावर बसलंय.

आमच्याकडे असं वैविध्य का नाही, याचं उत्तर आमच्याच सवयीत आहे. तिकडे झाड बियांतून वाढत गेलं, दर पिढीला थोडं वेगळं होत गेलं, आणि एका टेकडीचं परागकण दुसऱ्या टेकडीपर्यंत सहसा पोचलं नाही. इकडे आपण काडी मोडतो आणि शेजारी देतो. काडीचं झाड म्हणजे तेच झाड, दुसऱ्या डब्यात. आमच्या गल्लीतला अख्खा लाल युफोर्बिया हा बहुधा एकच जीव आहे, वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणारा.

थायलंडच्या लोकांनी मात्र यात हात घातला. संकर करकरून त्यांनी फुलं रुपयाच्या नाण्याहून मोठी केली आणि एका घोसात आठ फुलं आली की आठ चिनी सिद्धपुरुषांचा आशीर्वाद मिळाला असं मानू लागले. तिकडे शुभ मानलेलं हे झाड आमच्याकडे मात्र भांडणाचं मूळ. मी पहिली कुंडी ठेवली तेव्हा समोरच्या मावशी म्हणाल्या, “अवो, काट्याचं झाड दारात कशाला लावायलाव? घरात कुरबुरी होतेत.” कुरबुरी होत होत्याच, झाडाच्या आधीपासून. पुढे त्याच मावशींनी काडी मागून नेली. बहुतेक मागच्या दारी लावली असावी.

थाई संकर मला फारसे आवडत नाहीत. फूल मोठं झालं, पण झाड फुलाखाली दबून गेलं; काटा दिसेनासा झाला की याचा रुबाबच जातो. पाणी जास्त झालं तर मुळंही कुजतात, आणि हौसेनं आणलेल्या झाडाला माणूस नेमकं पाणीच जास्त घालतो.

काडी लावायची असेल तर एवढंच करा. वीतभर तोडा, चीक पाण्याने धुवा, सावलीत चार-सहा दिवस वाळू द्या, मग वाळूमिश्रित मातीत खोचा. काळी माती नको. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि याला तेच चालत नाही. मुरूम मिळाला तर उत्तम.

पिवळ्या जातीसाठी मी औसा रस्त्याच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. एका म्हाताऱ्या माळीबुवांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, परत लहान केला आणि म्हणाले, “पिवळं ऱ्हाऊ द्या की ओ. लालवालं न्या, ते मरत नाही.” मी लालवालंच नेलं.