उजवीकडून सुरू होणारी वही

रविवार, रात्री साडेदहा. पाचपाखाडी, ठाणे.

लेक आत्ता झोपली. ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ आज दुपारी वाचून संपवलं. ज्युडिथ कार यांनी ते 1971 साली लिहिलं, स्वतःच्याच लहानपणावरून. 1933मध्ये नऊ वर्षांची ॲना घरच्यांबरोबर बर्लिन सोडते. आधी स्वित्झर्लंड, मग पॅरिस, शेवटी लंडन.

लेकीला सगळ्यात आवडलं ते पॅरिस. शाळेत ॲना किती दिवस अडखळते, आणि मग एकदम फ्रेंच आपसूक तोंडात यायला लागतं. “आई, एकदम सायकल चालवता येते ना, तसंच झालं तिचं!” लेक टाळ्या पिटत म्हणाली.

माझा जीव मात्र ॲनाच्या बाबांत अडकला. कॉलेजात हेच पुस्तक वाचलं तेव्हा ते मला दिसलेच नव्हते. नावाजलेले लेखक, लेखणीवर घर चालायचं. ज्युडिथचे वडील आल्फ्रेड कार खरोखरच बर्लिनचे मोठे नाट्यसमीक्षक होते, नाझींनी त्यांची पुस्तकं जाळली. पोरं नव्या भाषेत रमतात आणि बाबा जर्मनमध्येच लिहीत राहतात. छापणारे कमी, पैशांची ओढाताण, आईला स्वयंपाक जमत नाही. मुलाला आलेली भाषा बापाला येत नाही, तेव्हा त्या घरात जेवताना काय बोलत असतील, हा विचार दिवसभर सुटला नाही.

आपल्या जिल्ह्यात उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. 1949मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आम्ही अजून सहज म्हणतो, ‘कॅम्प तीनला जाऊन पडद्याचं कापड आणू.’ कसला कॅम्प, हे मी कधी विचारलंच नाही. लाज वाटली.

संध्याकाळी कॅम्प चारच्या मैत्रिणीला फोन केला. तिचे आजोबा सिंधमध्ये मास्तर होते. इथे त्यांनी गोळ्या-बिस्किटं विकली आणि रात्री वही लिहिली, सिंधीत, अरबी लिपीत. तिच्या वडिलांना ती थोडीफार लागायची. ते गेले, आता घरात कुणालाच वाचता येत नाही. वही कपाटात, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

तिने व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो पाठवला. बारीक, नेटकं अक्षर. लेकीने पान मोठं केलं आणि डावीकडून बोट फिरवायला लागली. मी तिचं बोट उचलून उजव्या टोकाला ठेवलं.