बर्फाचा टब

ओहायोतल्या एका हायस्कुलात मी फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस शिकवते. आपल्या होम सायन्सच्या जवळचा विषय: स्वयंपाक, पोषण, घरखर्च, बालसंगोपन. हा विषय घेणाऱ्या मुलांची एफसीसीएलए (फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका) ही संघटना १९४५ पासून आहे. १९९९ पर्यंत तिचं नाव फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका होतं. आमच्याकडे तिचा क्लब शाळा सुटल्यावर भरायचा आणि सहा-सात मुली यायच्या. त्याच त्या, ज्यांना न्यायला घरची गाडी येते. बाकीच्यांना बस गाठायची असते, कुणाला कामावर जायचं असतं, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असतं. पुढाकार घ्यायला या मुलांनी शिकायचं कुठे? हे मला फार खुपायचं. म्हणून मी क्लब तासातच आणला.

क्लबची कामाची पद्धत पाच पायऱ्यांची: प्रश्न हेरा, ध्येय ठरवा, योजना आखा, कामाला लागा, मग काय झालं ते तपासा. अन्नसुरक्षेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत न उघडलेले दुधाचे खोके कचऱ्यात जातात." दुसऱ्या दिवशी त्यानेच कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून मोजले. एका सुट्टीत ४३.

मुलांनी 'शेअर टेबल' ठरवलं: नको असलेलं बंद दूध तिथे ठेवायचं, हवं त्याने घ्यायचं. शाळेच्या जेवणात याला परवानगी आहे, पण दूध ४१ अंश फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये. स्वयंपाकघराच्या प्रमुख बाईंनी अट घातली, आधी एक दिवस करून दाखवा.

तो दिवस मी विसरणार नाही. टबात तळाला बर्फ, वर खोके रचलेले. मुलं रांगेने येऊन दूध ठेवत होती, पोरं खूश. अर्ध्या तासाने त्या मुलाने वरचा एक खोका फोडला आणि थर्मामीटरचा दांडा आत घातला. काटा ४६ वर थांबला. टेबलापाशी दोन मुलं दूध घ्यायला उभीच होती. वर्गातल्या एकीने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. बोलायचं नाही, हे ठरवून बोलले नाही. ते सोपं नव्हतं.

"हे कुणालाही द्यायचं नाही," तो म्हणाला, प्रमुख बाईंच्या देखत. आणि सगळे खोके स्वतःच्या हाताने टाकून दिले. जे वाचवायला निघालो होतो, तेच.

मला वाटलं, संपलं. पण बाई म्हणाल्या, "उद्या पुन्हा लावा."

दुसऱ्या दिवशी मुलांनी खोके बर्फात गळ्यापर्यंत पुरले, दर दहा मिनिटांनी तापमान लिहून काढलं. ३८, ३९, ३९.

शुक्रवारी त्याने कागद दिला. पाचव्या पायरीखाली एवढंच लिहिलं होतं: सोमवारी बर्फ कोण आणणार?