नळीचं आधी कुणी सांगितलंच नव्हतं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वाशीतल्या एका हॉस्पिटलमध्ये, बायपासच्या पेशंटना आदल्या दिवशी ते तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (नळीतून श्वास आत ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं, फुप्फुसांच्या व्यायामाचं उपकरण) शिकवायचं आणि छातीशी उशी धरून खोकायचं कसं ते दाखवायचं हे माझं काम. त्या दिवशी कोपरखैरण्याचे एक काका होते, मूळ साताऱ्याकडचे, एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहिलेले माथाडी. एवढा दणकट माणूस पण गोळी एकपण वर जाईना, बीपी चढलेलं, झोप नाही, आणि घरचे सारखं म्हणतायत छोटंसं ऑपरेशन आहे, काही होत नाही.

मी स्पायरोमीटर बाजूला ठेवलं आणि विचारलं, काका नक्की कशाची भीती वाटते?

"पोरी, आमच्या शेजारच्याला आयसीयूत बघितलेलं. हात बांधलेले, तोंडात नळी, बोलता येईना. तसाच गेला."

मग मी काकूंनाही तिथेच बसवलं आणि सगळं सांगितलं. जाग येईल तेव्हा तोंडात श्वासाची नळी असणारच, ती स्वरयंत्रातून जाते म्हणून आवाज फुटत नाही, हात सैल बांधतात कारण गुंगीत माणूस नळी ओढतो, श्वास नीट घ्यायला लागलात की काढतात. दुखणार हेपण सांगितलं. खुणा ठरवल्या, अंगठा वर म्हणजे ठीक, मूठ आवळली म्हणजे दुखतंय. संध्याकाळी दोन गोळ्या वर गेल्या!

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. १९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटवर अभ्यास केलेला, ज्यांना दुखण्याबद्दल आधी नीट सांगितलं, सैल पडायला शिकवलं त्यांना मॉर्फिनसारखी औषधं जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी जायच्या लायक झाले. मनाने सगळं बरं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, हार्टचं पंपिंगच कमी असेल तर नुसत्या धीराने काय होणार. पण घाबरलेला माणूस अंग आखडून घेतो, दुखेल म्हणून खोकत नाही, मग कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती, हे मी वॉर्डात रोज बघते.

काकांनी शुद्धीवर आल्यावर नर्सला अंगठा दाखवला. खोकायला कधी आढेवेढे घेतले नाहीत. वॉर्डात आल्यावर शेजारच्या बेडवर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेले एक गृहस्थ होते, मी त्यांच्याकडे वळले तर काका म्हणाले, "थांब, नळीचं मी सांगतो त्यांना."